एका माणसाचं अख्खं वऱ्हाड

मंचावर एकच माणूस, पात्रं 52! डॉ. लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे एकपात्री नाटक आठवतंय ना? लेखन, दिग्दर्शन, अभिनय सगळं त्यांचंच. जवळपास तीन तास एकटे उभे. खांद्यावरचं कापड डोक्यावर आलं की समोर चक्क बाई! पण खरी किमया आवाजाची. प्रत्येकाचा सूर, हेल, उभं राहण्याची ढब वेगळी. त्यामुळे चार जण एकदम भांडायला लागले तरी कोण बोलतंय ते लगेच कळतं.

औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या या माणसानं मराठवाड्याची बोली आहे तशीच मंचावर आणली, हे मला या प्रयोगाच्या विक्रमाहून मोठं वाटतं. विक्रमही झालाच, थेट गिनीज बुकात! 2009 मध्ये ते गेले. ध्वनिफीत मिळाली तर डोळे मिटून ऐका, माणसं दिसतात.