कवच महागलं

इटलीत नेपल्सजवळ इस्किया नावाचं ज्वालामुखी बेट आहे. तिथल्या आरागोनीज किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्रतळातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे अखंड वर येत असतात. गंधकाचा विषारी वायू नाही, पाणीही तापलेलं नाही. निसर्गानेच मांडून ठेवलेला प्रयोग! सागरी जीवशास्त्रज्ञ जेसन हॉल-स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी तिथली पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध केली. नेहमीच्या पाण्याचा सामू (पीएच; तो उतरला की आम्लता वाढते) ८.१ ते ८.२. बुडबुड्यांकडे जावं तसा तो ७.८ च्या आसपास येतो, कधी ७.४ पर्यंतही उतरतो. त्याच वाटेवर सी अर्चिन, म्हणजे खडकाला बिलगून राहणारे ते काटेरी गोळे, विरळ होत गेले. गोगलगायींची कवचं झिजलेली सापडली. समुद्री गवत मात्र मजेत फोफावलं होतं.

बाकीच्या समुद्रात हा वायू हवेतून येतो: माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र पोटात घेतो. पाण्यात त्याचं कार्बनिक आम्ल होतं, त्यातून सुटलेले हायड्रोजन आयन कार्बोनेटला पकडतात आणि कवचासाठी लागणारं कार्बोनेटच कमी पडतं. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राचा सामू ८.२ वरून ८.१ वर आला. फरक किरकोळ वाटतो, पण ही मोजपट्टी लॉगॅरिदमची. हायड्रोजन आयन तेवढ्यात जवळपास ३० टक्क्यांनी वाढले. तरीही समुद्र अल्कधर्मीच आहे. सगळी कवचं विरघळून जाताहेत, हे चित्र जरा भडकच.

खरी गोम आहे ती अर्चिनच्या बाळपणात. ठिपक्याएवढ्या पारदर्शक अळीच्या अंगात कॅल्शियम कार्बोनेटच्या बारीक काड्यांचा सांगाडा असतो. काड्या घडताना पेशींना हायड्रोजन आयन सतत बाहेर उपसावे लागतात. बाहेर तेच जास्त झाले की उपशाचा खर्च वाढतो. त्यात हिरव्या अर्चिनच्या अळीचं जठर आपल्या अगदी उलट, तीव्र अल्कधर्मी: सामू साधारण ९.५. बाहेरचं पाणी बिघडलं की तोही घसरतो, पचन मंदावतं. अळी जास्त खाते, तरी वाढ रेंगाळते.

कालवांचीही तीच तऱ्हा. अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावरच्या व्हिस्की क्रीक हॅचरीत २००७ च्या सुमारास कालवांच्या अळ्या टाक्याच्या टाक्या मरू लागल्या. आधी संशय जिवाणूंवर गेला. मग उलगडा झाला: ठरावीक वारे सुटले की कार्बन डायऑक्साइडने भरलेलं खोल, थंड पाणी किनाऱ्याशी वर येतं. आता तिथे पाण्यावर सतत नजर ठेवून त्यात धुण्याचा सोडा मिसळतात आणि अळ्या जगतात. वर येणारं हे पाणी हवेच्या संपर्कात शेवटचं आलं होतं सुमारे ५० वर्षांपूर्वी, हवेत कार्बन डायऑक्साइड आजच्यापेक्षा बराच कमी असताना. आजच्या हवेतला वायू घेऊन खाली गेलेलं पाणी त्या किनाऱ्याला अजून पोचायचं आहे.