जिवंत पेशीतील धातूंचा मागोवा

अनेक प्रथिने धातूंच्या साथीशिवाय निकामी ठरतात. मात्र पेशी फोडून केलेल्या तपासणीत त्यांचे खरे रूप गवसतेच असे नाही. यावर 'एनएमआर' तंत्राचा उपाय आहे. तीव्र चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रके रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. शेजारी धातू आला की हा प्रतिसाद बदलतो.

इटलीतील फ्लॉरेन्सच्या ल्युसिया बांची व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जिवंत मानवी पेशींत 'एसओडी-१' प्रथिन घडताना टिपले. त्यात आधी जस्त, नंतर तांबे बसते. याच प्रथिनाच्या जनुकातील दोषाचा स्नायू दुर्बल करणाऱ्या 'एएलएस' या जीवघेण्या आजाराशी संबंध १९९३ मध्ये उघड झाला होता. काही सदोष प्रथिने पेशीत जस्त धरूच शकत नाहीत, असे २०१४ मध्ये आढळले. बिघाड नेमका कोणत्या पायरीवर होतो, हे कळणे उपचारांच्या शोधासाठी मोलाचे आहे.