लंडनचा फास, साष्टीच्या ओव्या

चाकण पट्ट्यातल्या जर्मन कंपन्यांमधून वर्ष-दोन वर्षांसाठी तिकडे जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना नावनोंदणी करताना धर्म विचारला जातो. त्यामागे आकस नसतो, हिशेब असतो. माणूस कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचा सभासद असेल, तर त्याच्या आयकराच्या ८ किंवा ९ टक्के एवढा चर्च कर पगारातूनच कापून त्या त्या चर्चला दिला जातो. आज पगारपत्रकावरच्या एका रकान्यात मावणारा हा भेद एके काळी गावेच्या गावे बेचिराख करत होता. फोक्सवॅगनच्या वुल्फ्सबर्गहून फार लांब नसलेल्या माग्डेबुर्ग शहरात २० मे १६३१ रोजी कॅथलिक सम्राटाच्या फौजा घुसल्या आणि सुमारे २० हजार माणसे मेली. स्कोडाचे मूळ गाव म्लादा बोलेस्लाव्ह हे सोळाव्या शतकात ‘बोहेमियन बंधू’ या सुधारकपंथाचे मोठे केंद्र होते. १६२० मध्ये प्राग शहराजवळच्या लढाईत प्रोटेस्टंट सरदार हरले, पुढच्या वर्षी त्यांच्या २७ पुढाऱ्यांना भर चौकात मारले गेले आणि या पंथाच्या लोकांना देश सोडावा लागला.

युरोपातल्या या भाऊबंदकीची झळ मराठी मुलखालाही लागली. आपल्या भाषेतला एक मोठा ग्रंथ तर तिच्यामुळेच आपल्याला मिळाला, असे मी म्हणेन.

त्या ग्रंथाचे कर्ते थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात झाला. ते दहा-अकरा वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या देशाचा धर्म दोनदा फिरला. सहाव्या एडवर्डच्या काळात राज्य प्रोटेस्टंट होते. १५५३ मध्ये मेरी राणी आली आणि कॅथलिक झाले. तिच्या कारकिर्दीत सुमारे २८० प्रोटेस्टंट जिवंत जाळले गेले. १५५८ मध्ये एलिझाबेथ गादीवर बसली आणि पारडे पुन्हा उलटले. १५७० मध्ये पोपने एलिझाबेथला बहिष्कृत करून तिच्या प्रजेला राजनिष्ठेतून मोकळे केले, तेव्हापासून इंग्लंडमधला प्रत्येक कॅथलिक सरकारच्या लेखी संभाव्य फितूर ठरला. पोपच्या त्या एका आज्ञेने इंग्लंडमधल्या साध्या कॅथलिक कुटुंबांचे जितके नुकसान केले, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल.

स्टीफन्स आणि त्यांचा मित्र थॉमस पाउंड यांनी रोमला जाऊन जेझुइट व्हायचे ठरवले होते. निघण्याआधीच पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे वेगवेगळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स निसटले. १५७५ मध्ये रोममध्ये त्यांनी जेझुइट संघात प्रवेश केला, ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाजात बसले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला उतरले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १ डिसेंबर १५८१ रोजी, एडमंड कॅम्पियन या इंग्रज जेझुइटाला लंडनच्या टायबर्न वधस्थळी फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे करण्यात आले. मायदेशी परतण्याचा अर्थ काय, हे स्टीफन्स यांना वेगळे कुणी सांगायला नको होते. पुढची चाळीस वर्षे ते गोव्यातच राहिले, बराचसा काळ साष्टीत, आणि १६१९ मध्ये तिथेच वारले.

ज्या सत्तेच्या आसऱ्याला ते आले, ती स्वतः काय करत होती? गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन १५६० मध्ये बसले होते. मंगेशाला कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गेला केळोशीहून कवळ्याला नेण्यात आले, ते याच दशकात. १५६७ मध्ये साष्टीतली देवळे सरसकट पाडली गेली. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी, चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइटांना आणि त्यांच्या सोबत्यांना ठार केले. मेलेल्यांत रोदोल्फो अक्वाविवा होते. काही महिन्यांपूर्वीच ते अकबराच्या दरबारातून परतले होते. पोर्तुगीजांनी पुढे कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि मारून टाकले. सोळा गेले होते, त्यांतला एकच निसटला. ठार झालेल्या जेझुइटांचे देह मिळवण्यात स्टीफन्स यांचा वाटा होता. असोळण्याच्या दग्याबद्दल त्यांना काय वाटले असेल, हा प्रश्न मला सोडत नाही. धर्मासाठी माणसे मारली जातात म्हणून जो देश सोडून आला, त्याच्याच बाजूच्या लोकांनी हे केले होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस युरोपचे भांडण थेट गोव्याच्या तुरुंगात आले. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, जडजवाहिऱ्या विल्यम लीड्स आणि चित्रकार जेम्स स्टोरी या चार इंग्रजांना व्हेनिसच्या एका व्यापाऱ्याच्या चिथावणीवरून होर्मुझला पकडून गोव्याला पाठवले गेले. हेर असल्याचा संशय आणि पाखंडी असल्याची शंका, दोन्ही त्यांच्या माथी होती. एलिझाबेथच्या या प्रजाजनांच्या मदतीला धावले ते स्टीफन्स, ज्यांना एलिझाबेथच्या राज्यात फास मिळाला असता. सोबत होता यान हायखन व्हान लिन्सखोटेन, गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी असलेला डच कारकून. नाताळाच्या थोडे आधी ते चौघे जामिनावर सुटले. स्टोरीला जेझुइटांनी चर्च रंगवण्यासाठी ठेवून घेतले. बाकीचे तिघे १५८५ मध्ये पळाले, ते बेळगाव, विजापूर करत उत्तरेला. फिच १५९१ मध्ये लंडनला पोचला आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या संस्थापकांनी त्याचा सल्ला घेतला.

लिन्सखोटेनचे प्रकरण पोर्तुगीजांना याहून महाग पडले. नेदरलँड्समधले प्रोटेस्टंट १५६८ पासून स्पेनच्या कॅथलिक राजाशी लढत होते. १५८० मध्ये पोर्तुगालची गादीही त्याच राजाकडे गेली आणि गोवा आपसूक डचांचा शत्रू झाला. गोव्यात बसून टिपलेली सागरी मार्गांची आणि व्यापाराची माहिती लिन्सखोटेनने १५९६ मध्ये छापली. पुढच्या पिढीत डच जहाजे मांडवीच्या तोंडाशी उभी राहिली आणि १६३७ मध्ये आदिलशाहीच्या परवानगीने त्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. तिच्या भिंती आजही तिथे आहेत. १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाने युरोपात डच आणि स्पेन यांचे भांडण मिटले, पण इकडे फिरंगोजी नरसाळा आपल्या चाकणचा संग्रामदुर्ग शाइस्ताखानाविरुद्ध लढवत होता त्या सुमाराच्या वर्षांतही डच गोव्याची नाकेबंदी करतच होते. तोवर धर्म मागे पडून मिरी-दालचिनी पुढे आली होती, हेही खरे.

गोव्याच्या इन्क्विझिशनने प्रोटेस्टंट खलाशी-व्यापाऱ्यांनाही छळले, पण तिचा खरा वरवंटा फिरला तो इथल्याच नवख्रिस्ती कुटुंबांवर: दारात तुळस ठेवली, लग्नात जुना विधी केला, असल्या आरोपांखाली. शार्ल देलों या फ्रेंच कॅथलिक वैद्यालाही तिने कोठडीत डांबले. सुटून परतल्यावर त्याने १६८७ मध्ये आपला अनुभव छापला आणि प्रोटेस्टंट देशांत तो कॅथलिकांविरुद्धचा पुरावा म्हणून हातोहात फिरला. गोव्याच्या माणसांचे हाल युरोपातल्या वादात शस्त्र म्हणून वापरले गेले. त्या माणसांची नावे मात्र फारशी कुणाला ठाऊक झाली नाहीत.

आणि या सगळ्याच्या मधोमध स्टीफन्स मराठी शिकत होते. जुनी पुराणे हिरावली गेलेल्या साष्टीच्या नवख्रिस्ती लोकांना वाचायला-ऐकायला काही हवे होते. त्यासाठी त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची ओवी, कथेत बायबल, वैकुंठासारखे शब्द ख्रिस्ती अर्थाने, आणि मराठीची थोरवी गाणाऱ्या त्या प्रसिद्ध ओव्या. १६१६ मध्ये ते राचोलला रोमन लिपीत छापले गेले. या ग्रंथाला धर्मांतराच्या जबरदस्तीपासून वेगळे काढता येत नाही, आणि तसे काढूही नये. पण मराठीवरचे त्याचे प्रेम उसने नाही. घर कायमचे तुटलेल्या माणसाने दुसऱ्या भाषेत इतके खोल घर केले, याचे मला फार मोल वाटते.

पुढे पोर्तुगीज सत्तेने या भाषेचेही भले केले नाही. १६८४ च्या फर्मानाने गोमंतकीयांना तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला सांगितले. क्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ च्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांत, विशेषतः गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घरांमधून. त्यांच्याच आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून तो पुन्हा छापला, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून तो देवनागरीत आणला.