फिरता साचा

गावात नळाला पाणी येते. ते दुरून, जमिनीत पुरलेल्या पाईपातून येते. पाईप फुटला की गावाचे पाणी तुटते. चीर गेली तर गटाराची घाण आत शिरते आणि घरोघर हगवण लागते. म्हणून पाईप पक्का हवा. बिडाचा पाईप पक्का कसा करतात, ते आज आपण पाहू.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते भट्टीत वितळवतात आणि त्याचा रस साच्यात ओततात. पूर्वी पाईपाचा साचा वाळूचा असे. पाईप पोकळ राहावा म्हणून मधोमध वाळूचा गाभा ठेवीत. गाभा जरा सरकला, की पाईप एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला पातळ होई. पातळ जागी तो फुटे.

मग युक्ती निघाली. साचाच फिरवायचा! ब्राझील देशात १९१४ च्या सुमारास द लावो नावाच्या इंजिनियराने असे पाईप ओतण्याची रीत काढली.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, फिरवल्यानं काय होतं?" बादलीत थोडे पाणी घ्या. कडी धरून ती वरून खाली गरगर फिरवा. बादली उलटी झाली तरी पाणी सांडत नाही. ते तळाशीच दाबून राहते. सायकलच्या चाकाचा चिखल पाठीवर उडतो, तोही यामुळेच. फिरणारी वस्तू बाहेर पळू पाहते.

आता साचा पाहू. ते एक लांब लोखंडी नळकांडे असते. यंत्र त्याला जोरात फिरवते. पन्हळीतून आत रस सोडतात. रस बाहेर रेटला जातो आणि साच्याच्या आतून सगळीकडे सारखा बसतो. मधली पोकळी आपोआप राहते. वेग कमी पडला तर रस वरून खाली गळतो. वेग फार झाला तर तडे जातात.

गुऱ्हाळात रस उकळताना हलकी मळी वर येते ना? तशी इथे हलकी घाण आणि बुडबुडे आतल्या बाजूला येतात. इंजिनाच्या सिलिंडरमधली नळीही अशीच ओततात. मग तिचा आतला थर कातून टाकतात.

शेवटी एक सांगणे. पाणी १०० अंशांवर उकळते. बिडाचा रस सुमारे १३०० अंश तापलेला असतो. साच्यात पाणी राहिले तर त्याची एकदम वाफ होते आणि रस अंगावर उसळतो. आपल्या गावची पोरं ओतशाळेत कामाला जातात. त्यांना बजावा, "साचा कोरडा आहे का ते आधी बघा. पायात बूट आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय भट्टीजवळ जाऊ नका." पाईप पक्का हवाच, पण पोटासाठी गेलेला मुलगाही धडधाकट घरी यायला हवा.