घरची गिटार (भाग ५) : जुना रंग खरवडू नका

मागच्या भागात आपण नेकचे चार स्क्रू सोडवले, तारा, पिकअप, ब्रिज काढून बाजूला ठेवले. आता समोर नुसती बॉडी आहे, आणि ती पाहिली की बहुतेकांचा हात आधी पॉलिश पेपरकडे जातो. जुना रंग पार लाकडापर्यंत घासून काढायचा आणि मग नवा द्यायचा, असा बेत असतो. दीडशे-दोनशे डॉलरच्या गिटारीसाठी मी हा सल्ला कोणालाच देणार नाही.

स्वस्त इलेक्ट्रिक गिटारींवर हल्ली बहुधा पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा जाड थर असतो. तो एकदा कडक झाला की थिनरला दाद देत नाही. हीट गनने मऊ करून सोलता येतो खरा, पण हात क्षणभर रेंगाळला की खालचं लाकूड करपतं. घासून काढायचा तर बारीक धुळीचा लोट उठतो, आणि ती धूळ छातीत जाण्यासारखी नसते. इतका खटाटोप करून खाली काय निघतं? पॉप्लर नाहीतर बासवूडचे चिकटवलेले तुकडे, एकाच्या रेषा दुसऱ्याशी न जुळणाऱ्या. लाकूड दिसावं म्हणून घाम गाळायचा आणि दिसतात ते सांधे.

जुना रंग हेच नव्या रंगाचं अस्तर समजा. हा काही गरिबाघरचा जुगाड नव्हे. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यात खुद्द फेंडर कंपनी, वेगळ्या रंगाची मागणी आली की कित्येकदा सनबर्स्ट रंगवून तयार असलेल्या बॉडीवरच नवा रंग मारत असे. आज त्या गिटारींचा वरचा रंग झिजला की खालचा सनबर्स्ट डोकावतो, आणि हौशी मंडळी त्यालाच जास्त पैसे मोजतात. ते रंगही मुळात मोटारींचे होते. ड्यूपाँ कंपनीचे जे रंग डेट्रॉइटच्या गाड्यांवर चढत, तेच गिटारींवर.

आणि घरच्या घरी रंगवलेली अमेरिकेतली सगळ्यात गाजलेली गिटार पाहा. फुलर्टनपासून फार लांब नसलेल्या पॅसाडीनात एडी व्हॅन हेलन या तरुण गिटारवादकाने १९७०च्या दशकात खोट निघालेली एक बॉडी ५० डॉलरला आणि नेक ८० डॉलरला घेतला. गिब्सनच्या गिटारीतला पिकअप त्यात बसवायला त्याने लाकूड स्वतः कोरलं. बॉडीवर आधी काळा रंग दिला, त्यावर चिकटपट्ट्या लावल्या, वरून पांढरा फवारला आणि पट्ट्या ओढून काढल्या. १९७८ साली आलेल्या ‘व्हॅन हेलन’ या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर आहे ती हीच. पुढच्याच वर्षी त्याने त्यावर पुन्हा पट्ट्या लावून लाल रंग मारला, तोही श्विन सायकलींचा. काळ्यावर पांढरा, पांढऱ्यावर लाल. खालचा रंग काढायच्या भानगडीत तो पडलाच नाही, आणि तिन्ही रंग एकाच वेळी दिसतात म्हणून तर ती गिटार लांबूनही ओळखू येते. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या रॉक वाद्यांच्या प्रदर्शनात ती मांडली होती.

आता आपल्या बॉडीकडे वळू. आधी ती नॅफ्थाने नीट पुसा. पॉलिशमधलं सिलिकोन किंवा हाताचं तेल राहिलं, तर नव्या रंगाला तिथे माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. मग ३२० नंबरच्या पेपरने फक्त चमक घालवायची. सगळीकडे सारखं मंद, दुधट दिसलं की थांबा. खोक पडली असेल तर गाड्यांना लावतात ती लांबी भरा. अमेरिकेत कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात बॉन्डो या नावाने मिळते.

नेक जिथे बसतो त्या खाचेत रंगाचा कणही जाता कामा नये. फॅक्टरीत ती खाच अगदी मापाची असते. रंग साचला की नेक पुरता टेकत नाही, आणि स्क्रू आवळताना कडेचा रंग तडकतो. त्यावर एक साधा उपाय आहे. खाचेच्या रुंदीची लाकडी पट्टी घ्या आणि नेकच्याच चार भोकांतून स्क्रू घालून ती बसवा. खाच झाकली जाते, धरायला मूठ मिळते आणि त्याच पट्टीला भोक पाडून बॉडी वाळायला टांगताही येते.

फवारणी पातळ हातांनीच करा, एका दमात झाकायला जाल तर ओघळ येणारच. नायट्रोसेल्युलोज लॅकरचा प्रत्येक हात खालच्या हातात विरघळून एकजीव होतो, म्हणून मधली चूक सुधारता येते. मात्र न्यू जर्सीच्या जुलैतल्या दमट हवेत तोच लॅकर पांढरट धुरकटतो. त्यासाठी कोरडा दिवस बघा. हाताला कोरडा लागला म्हणजे वाळला असं नव्हे. नाकाला वास येतोय तोवर द्रावण उडतंय, आणि त्याला काही आठवडे लागतात. त्यानंतरच १००० ते २००० नंबरच्या ओल्या पेपरने घासायचं, तेही पाणी बेताचंच घेऊन. स्क्रूच्या भोकांत पाणी शिरलं तर लाकूड फुगतं आणि भोकाभोवती रंगाला चिरा पडतात.

हार्डनरवाले टू-के स्प्रे घरी वापरू नका, कितीही सुंदर चमक येत असली तरी. त्यात आयसोसायनेट असतं आणि फुप्फुसांना ते कायमचं बाधू शकतं. साध्या लॅकरलासुद्धा रासायनिक वाफा अडवणारा मास्क लागतोच, धुळीचा मास्क पुरत नाही. आणि गॅरेजमध्ये फवारू नका. अमेरिकेतल्या कित्येक घरांत गॅसचा वॉटर हीटर गॅरेजमध्येच असतो आणि त्याची ज्योत या वाफांना पुरेशी आहे. बाहेर, वारा पडलेल्या वेळी फवारा.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना, किंवा मिनेसोटाच्या थंडीत अडकलेल्यांना, फवारा जमणार नाही. त्यांनी बॉडीला हात न लावता नेक घ्यावा. नेकच्या पाठीवरची चिकट चकाकी ४०० नंबरने उडवून मंद केली, तरी हात सरसर फिरतो. पाठीचा लेप पूर्ण काढलाच तर ट्रू-ऑइलचे दोन-चार हात कापडाने चोळा. हे मुळात बंदुकीच्या दस्त्यांसाठीचं जवसाच्या जातीचं तेल, पण गिटारवाल्यांनी ते कधीच आपलंसं केलंय.

अकूस्टिक गिटारीला यातलं काही लागू नाही. तिची वरची पातळ फळी थरथरते तेव्हा आवाज निघतो, त्यामुळे तिच्यावर रंगाचे थर नकोत.

पुढच्या आठवड्यात वायरिंग. तोवर एक कळकळीची विनंती. तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं, त्यातून उष्णता निघते, आणि बोळ्यात ती कोंडली की काडी न ओढता आग लागते. फडकी घराबाहेर एकेक पसरून पूर्ण वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा.