घरट्याच्या आतली वाटी

२००८ सालच्या ऑलिंपिकसाठी बीजिंगमध्ये बांधलेले राष्ट्रीय स्टेडियम आपण चित्रांत पाहिलेले असते. आडव्यातिडव्या पोलादी तुळयांच्या जाळीमुळे लोक त्याला ‘पक्ष्याचे घरटे’ म्हणतात. साहजिकच आपला समज होतो, की प्रेक्षकांच्या बैठका या जाळीवरच टेकलेल्या असतील. प्रत्यक्षात येथे एकात एक अशा दोन स्वतंत्र रचना आहेत : आत बैठकांची काँक्रीटची वाटी आणि बाहेर, तिच्यापासून सुमारे १५ मीटर अंतर राखून, पोलादी घरटे.

असे का केले असावे? याचे मोठे कारण भूकंप. बीजिंगपासून सुमारे १५० किलोमीटरवरील तांगशान शहर १९७६ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले. अधिकृत आकड्यांनुसार २,४०,००० हून अधिक माणसे दगावली. आणि ऑलिंपिकच्या वेळी या वाटीत ९१,००० प्रेक्षक बसायचे होते.

प्रत्येक रचनेची डोलण्याची स्वतःची लय असते. ताठ रचना भराभर हलते, लवचीक रचना सावकाश. काँक्रीटची वाटी आणि पोलादी घरटे एकमेकांना घट्ट जोडले, तर एक इकडे, दुसरे तिकडे अशी ओढाताण होऊन सांधे तुटण्याचा धोका. म्हणून दोघांना आपापल्या परीने डोलू दिले आहे.

दुसरा मुद्दा वजनाचा. बल = वस्तुमान × त्वरण हे आपण वर्गात शिकवतोच. त्वरण तेवढेच असले, तरी जड इमारतीवर अधिक बल येते. मूळ आराखड्यात सरकते छप्पर होते. त्याच्या समांतर तुळया नजरेत भरू नयेत म्हणून जाळी अशी गुंतागुंतीची योजली होती. २००४ मध्ये खर्च व सुरक्षितता यांचा फेरविचार होऊन छप्पर रद्द झाले, माथ्यावरचे उघडे तोंडही मोठे केले गेले. तरीही सुमारे ४२,००० टन पोलाद लागले. गंमत अशी, की जे लपवायचे ते गेले, लपवणारी जाळी मात्र राहिली!

वर्गात एक प्रयोग करून पाहू. करवतीचे एक लांब व एक आखूड पाते फळीवर जवळजवळ उभे पक्के बसवू आणि फळी आडवी हलवू. मग दोन्ही पात्यांना कागदाची पट्टी ताणून चिकटवू आणि पुन्हा हलवू. पट्टीचे काय होते? त्यानंतर विद्यार्थ्यांना विचारू : जुन्या इमारतीला लागून नवी बांधताना मध्ये फट का ठेवतात?