घर जुनं, करार १० वर्षांचा

कॅलिफोर्नियात शंभरी गाठलेलं लाकडी घर विकत घेतलं की दोन खर्च हात धुऊन मागे लागतात: दुरुस्ती आणि मालमत्ता कर. या दोहोंची सांगड घालणारा कायदा तिथे १९७२ साली झाला. सॅन दिएगोचे सिनेटर जेम्स मिल्स यांनी तो मांडला, म्हणून त्याला मिल्स कायदा म्हणतात. घरमालक आणि शहर यांच्यात लेखी करार होतो. मालकाने घर जपायचं, शहराच्या संमतीने त्याचा कर उतरतो.

राज्याने शहरांना आणि काउंट्यांना अशा कराराची मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. लॉस एंजेलिस, सॅन दिएगो, सॅन होजे इथे ही योजना चालते; काही गावांनी ती सुरूच केलेली नाही. तेव्हा बे एरियातल्या एखाद्या मराठी कुटुंबाला जुनं घर आवडलं, तर पहिली चौकशी त्या गावच्या नगररचना खात्यात करावी.

घर खासगी मालकीचं, कर भरणारं आणि राष्ट्रीय, राज्य किंवा स्थानिक वारसा यादीत नोंदलेलं हवं. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. राष्ट्रीय यादीत नाव लागलं की घर वाचलं, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात खासगी मालक स्वतःच्या पैशाने ते पाडायला निघाला, तर निव्वळ ती नोंद त्याला अडवत नाही. अडवतात ते स्थानिक नियम आणि असा करार.

अर्जासोबत बहुतेक शहरं कामांचा आराखडा मागतात: कोणत्या वर्षी छप्पर, कधी पाया, खिडक्यांच्या मूळ लाकडी चौकटी कशा दुरुस्त करणार. चौकटी काढून प्लास्टिकच्या बसवल्या तर ते जतन ठरत नाही. घराची आतून-बाहेरून पाहणी होते आणि पुढे दर ५ वर्षांनी ती पुन्हा होते. मंजुरीनंतर करार काउंटीच्या दप्तरी नोंदला जातो. सातबाऱ्यावर चढलेल्या बोज्यासारखा तो मिळकतीला चिकटतो. घर विकलं तरी नव्या मालकावर बंधनकारक राहतो.

आता हिशेब. मुंबईत २०१० पर्यंत मालमत्ता कर अपेक्षित भाड्यावर बसायचा, पुण्यात तो अजूनही तसाच बसतो. मिल्स करारातलं घरही बाजारभावाने न मोजता भाड्याच्या अंगाने मोजतात. समजा, वर्षाचं रास्त भाडं खर्च वजा जाता ३६,००० डॉलर येतं. त्याला एका दराने भागायचं. त्या दरात राज्याच्या कर मंडळाने दरवर्षी ठरवलेलं व्याज असतं, ते आपण ६ टक्के धरू. मालक स्वतः राहत असलेल्या घरासाठी जोखमीचे ४ टक्के, कराचा साधारण १ टक्का आणि इमारतीच्या झिजेचा आणखी १ धरला, तर बेरीज १२ टक्के. मूल्य निघतं ३,००,००० डॉलर. करपात्र मूल्य एरवी ९,००,००० असेल, तर १ टक्क्याने ९,००० ऐवजी ३,००० डॉलर भरायचे. आकडे कल्पित आहेत, रीत खरी आहे.

हा फायदा मात्र सगळ्यांना सारखा मिळत नाही, आणि योजनेतली मला खटकणारी गोष्ट हीच. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ने करपात्र मूल्याची वाढ वर्षाला २ टक्क्यांवर रोखली, घर विकलं गेलं की ते पुन्हा बाजारभावाला जातं. चाळीस वर्षं त्याच घरात राहिलेल्या वृद्धेचा कर आधीच कमी असतो. तिच्या घराचं मिल्स मूल्य त्याहून जास्त निघालं, तर कमी असलेलं जुनंच मूल्य धरतात, म्हणजे सवलत शून्य. छप्पर तिचंही गळतं. भरघोस लाभ होतो तो काल-परवा महागात घर घेणाऱ्याला. शिवाय मालमत्ता कराच्या रकमेत काउंटी आणि शाळाही वाटेकरी असतात. करारावर सही शहराची, तूट मात्र सगळ्यांच्या वाट्याला.

मुदत किमान १० वर्षांची, पण ती दरवर्षी एका वर्षाने आपोआप पुढे सरकते, त्यामुळे समोर नेहमी १० वर्षं उरलेली असतात. बाहेर पडायचं तर मालकाने नूतनीकरणाच्या तारखेआधी किमान ९० दिवस नोटीस द्यायची. शहराला नको असेल तर त्याने ६० दिवस आधी. नोटिशीनंतर करार लगेच संपत नाही. उरलेली वर्षं अटी लागूच राहतात आणि कर हळूहळू नेहमीच्या पातळीकडे चढत जातो. हा संथपणा मला शहाणपणाचा वाटतो, कारण बिल्डरची चढी बोली आली म्हणून कोणाला सहा महिन्यांत सुटका करून घेता येत नाही.

मालकाने अटी मोडल्या किंवा घर पडझडीला सोडलं, तर शहर जाहीर सुनावणी घेऊन करार रद्द करू शकतं. तेव्हा घराच्या बाजारभावाच्या साडेबारा टक्के रक्कम मालकाला भरावी लागते. १० लाख डॉलरच्या घरावर सव्वा लाख. किंवा शहर न्यायालयात जाऊन करार पाळायला लावू शकतं. सरकारनेच जमीन संपादित केली तर करार रद्द होतो, पण दंड लागत नाही.

कर आकारणीची तारीख १ जानेवारी असल्याने नोंदणी ३१ डिसेंबरच्या आत उरकावी लागते, म्हणून शहरं अर्ज कितीतरी महिने आधी मागवतात. आणि जुनं घर घेणाऱ्याने बयाणा देण्याआधी त्यावर असा करार आहे का, आधीच्या मालकाची कोणती कामं राहिली आहेत, हे काउंटीच्या दप्तरात आणि शहराच्या फायलीत पाहून घ्यावं. ती कामं आता त्याच्या गळ्यात येणार असतात.